लहान विमानात वजन किती आणि कुठे? पहिल्यांदा लोड शीट भरणाऱ्यांसाठी

जास्त भरलेलं विमान बहुतेक वेळा उडतं. नव्या पायलटला मी सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण घात तिथेच होतो. वीस किलो जास्त असताना एकदा उडालं, काही झालं नाही, की पुढच्या वेळी चाळीस चालतात. मग एखाद्या दिवशी ऊन कडक असतं, धावपट्टी आखूड असते, मागच्या सीटवर दोन जड माणसं असतात, आणि आजवर चालून गेलेलं त्या दिवशी चालत नाही.

२५ ऑगस्ट २००१ रोजी बहामाजमधल्या मार्श हार्बर इथे सेस्ना ४०२ हे दोन इंजिनांचं विमान टेकऑफनंतर लगेच कोसळलं. गायिका आलियासह नऊ जण गेले. विमान मर्यादेपेक्षा सुमारे ७०० पौंड, म्हणजे तीनशेहून जास्त किलो जड होतं आणि वजनाचा तोल मागच्या मर्यादेच्याही मागे गेला होता. त्या अपघाताला इतरही कारणं होती. पण जे विमान उभ्या जागी कागदावर बसत नव्हतं, ते धावपट्टीवर न्यायलाच नको होतं.

लोड शीट म्हणजे वजन आणि तोलाच्या हिशोबाचा कागद. तिच्यात प्रश्न नेहमी दोन असतात. एकूण वजन किती? आणि ते वजन कुठे बसलंय? पहिल्याचं उत्तर बरोबर आलं म्हणून दुसऱ्याचं येतंच असं नाही. हे खाली आकड्यांतच दिसेल.

वजन वाढलं की काय होतं

विमानाची जास्तीत जास्त वजनाची मर्यादा ही शोभेची नाही. वेग फार कमी होऊन पंखांची उचल तुटते, त्याला स्टॉल म्हणतात. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. वजन २० टक्क्यांनी वाढलं तर स्टॉल साधारण १० टक्के जास्त वेगाला येतो, आणि वेगदर्शकावरची रंगीत पट्टी काही आपोआप सरकत नाही. टेकऑफचं अंतर त्याहून वेगाने वाढतं: १० टक्के जादा वजनाला ढोबळमानाने २० टक्के जास्त धावपट्टी लागते. इंजिनाची ताकद मात्र तेवढीच राहते. सरळ उडायलाच ती जास्त खर्च होते, म्हणून वर चढायला कमी उरते.

त्यात जमिनीलगतची हवा फसवते. पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत विमानाला हवेचा विरोध कमी होतो. त्याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. जड विमान या थरात उचललं जातं, चाकं सुटतात, पायलटला वाटतं जमलं. थोडं वर गेल्यावर विरोध वाढतो आणि विमान ना चढतं ना वेग घेतं. समोर झाडं असतात. अशा वेळी नाक आणखी वर ओढण्याचा मोह होतो, आणि तोच स्टॉलकडे नेतो.

विमानाच्या सांगाड्याचंही पाहा. नॉर्मल वर्गातल्या लहान विमानांचे पंख ३.८ जी, म्हणजे विमानाच्या वजनाच्या ३.८ पट, एवढ्या भारासाठी बनवलेले असतात, पण तो आकडा ठरलेल्या कमाल वजनाला धरून असतो. विमान १० टक्के जड असेल तर त्याच ३.८ जीला पंखांवर जवळपास ४.२ जीचा भार येतो. खडबडीत हवेत हाच फरक तुमचा राखीव साठा खातो.

तोल मागे गेला की काय होतं

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण नवे लोक वजन पाहतात आणि तोल विसरतात.

बाणाचं टोक जड असतं म्हणून तो सरळ जातो. विमानाचंही तसंच. गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी, पंखांच्या उचल देणाऱ्या बिंदूच्या थोडा पुढे असतो आणि शेपटीची आडवी पाटी खाली दाब देऊन नाक समतोल ठेवते. हवेने नाक वर उचललं तर ते आपणहून खाली येऊ पाहतं.

सीजी मागे सरकत गेला की ही सवय कमी होत जाते. गाडीच्या मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं, हा मराठीतला जुना शब्द इथे अगदी चपखल बसतो. विमान उलाळ झालं की कंट्रोल हाताला हलके लागतात. जरा ओढलं की नाक भसकन वर. सरळ उड्डाणात त्रास जाणवत नाही, उलट शेपटीला कमी दाब द्यावा लागतो म्हणून विमान थोडं वेगाने जातं. स्टॉल झाला की मात्र खरी परीक्षा असते. नाक खाली गेलं तरच वेग परत मिळतो, आणि सीजी फार मागे असेल तर एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरची नाक वर-खाली करणारी हलती पाटी, कंट्रोल पूर्ण पुढे ढकलून वापरली तरी नाक खाली जात नाही. स्पिन, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत खाली पडणं, लागली तर ती चपटी होऊ शकते, आणि तिच्यातून बाहेर येणं अशक्यही होऊ शकतं.

७ जुलै २०१३ रोजी अलास्कातल्या सोल्डोट्ना इथे डीएचसी-३ ऑटर हे एका इंजिनाचं विमान टेकऑफनंतर नाक वर करून स्टॉल झालं. दहा जण होते, एकही वाचला नाही. सामान काट्यावर तोललं गेलं नव्हतं, प्रत्यक्षातलं वजन धरलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं आणि तोल मागच्या मर्यादेबाहेर होता.

सीजी फार पुढे असणंही चांगलं नाही, पण तो दोष जमिनीवरच बोलायला लागतो. नाक उचलायला जास्त वेग आणि जास्त धावपट्टी लागते. उतरताना फ्लेअर करायला, म्हणजे टेकण्याआधी नाक हलकेच उचलायला, एलिव्हेटर पुरत नाही आणि नाकाचं चाक आधी आपटतं. शेपटीला जास्त खाली दाबावं लागतं, तो दाब पंखांना ओझ्यासारखाच, म्हणून स्टॉलचा वेगही थोडा वाढतो.

पायरी पहिली: रिकामं वजन त्याच विमानाचं घ्या

माहितीपत्रकातला आकडा घेऊ नका. तुम्ही जे विमान उडवणार त्याच्या कागदपत्रांत शेवटच्या वजनाची नोंद असते: रिकामं वजन आणि त्याचा मोमेंट (तो काय, ते चौथ्या पायरीत). एकाच मॉडेलच्या दोन विमानांतही फरक पडतो, कारण नवा रेडिओ, नवे सीट कव्हर, दुरुस्तीनंतरचा रंग, सगळं मोजलं जातं. नोंदीची तारीख पाहा आणि त्यानंतर काही बसवलं किंवा काढलं असेल तर तेही नोंदलंय ना ते बघा. त्या वजनात न वापरता येणारं इंधन आणि इंजिन ऑइल धरलंय का, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

पायरी दुसरी: माणसं काट्यावर उभी करा

वजन विचारू नका, मोजा. विचारलेलं वजन हे सकाळी उपाशीपोटी, बुटांशिवाय, काही वर्षांपूर्वीचं असतं. एकदा मागे बसणाऱ्या एका पाहुण्यांनी ७० सांगितलं. काटा ८१ दाखवत होता. अंगात जाकीट, पायात जड बूट आणि खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, जी ते बाजूला काढायचं विसरले होते. त्या बॅगेत दोन लेन्स आणि पाण्याच्या दोन बाटल्या. कुणी खोटं बोललं नव्हतं. पण तीन प्रवाशांचे असे अकरा-अकरा किलो धरले तर तेहतीस किलो कागदाबाहेर राहतात.

कुणाला अवघडल्यासारखं होत असेल तर एकेकाला बाजूला घेऊन मोजा आणि आकडा स्वतःजवळ ठेवा. सामानासाठी ताणकाटा पिशवीत बाळगा. तो हाताच्या पंजाएवढा असतो. बॅग हुकाला अडकवायची, उचलायची, आकडा स्थिर झाला की लिहायचा. हातात घेऊन अंदाज करू नका. दिवसभर सामान उचलणाऱ्याचा अंदाजही चुकतो.

मोठ्या प्रवासी विमानांत सरासरी वजनं धरतात, मग आम्ही का नाही, असं विद्यार्थी विचारतात. शंभर-दीडशे माणसांत जड-हलके एकमेकांना सावरून घेतात. चार माणसांत तसं होत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या शार्लट इथे बीचक्राफ्ट १९००डी हे १९ प्रवाशांचं विमान टेकऑफनंतर नाक वर करून पडलं, २१ जण गेले. एलिव्हेटरची केबल दुरुस्तीत चुकीची जुळवली गेली होती, त्यामुळे नाक खाली आणण्याची ताकद कमी झाली होती, आणि सरासरीवर केलेल्या हिशोबामुळे तोल प्रत्यक्षात मर्यादेच्या मागे होता. एकेकटा दोष कदाचित निभावला असता. त्यानंतर अमेरिकेत प्रवाशांची धरायची सरासरी वजनं वाढवण्यात आली.

पायरी तिसरी: इंधन, आणि एककांची गफलत

एव्हगॅसचं, म्हणजे लहान विमानांच्या पेट्रोलचं, वजन लिटरला ०.७२ किलो, म्हणजे अमेरिकन गॅलनला ६ पौंड. जेट इंधनावर चालणारं इंजिन असेल तर लिटरला सुमारे ०.८ किलो. विमानाचं पुस्तक पौंड आणि इंचांत, तुमचा काटा किलोत, पंप लिटरमध्ये: चूक व्हायला एवढं पुरेसं आहे. १९८३ मध्ये कॅनडात एक बोइंग ७६७ आकाशात इंधन संपून इंजिनांविना गिमली इथे उतरलं, कारण इंधनाच्या हिशोबात किलोच्या जागी पौंडाचा गुणक वापरला गेला होता. सगळे वाचले, पण एवढ्या अनुभवी लोकांची चूक झाली हे लक्षात ठेवा. शीटच्या डोक्यावर आधी एकक लिहा आणि सगळे आकडे त्यातच आणा. एक किलो म्हणजे २.२०५ पौंड.

पायरी चौथी: मोमेंट

पुस्तकात एक ठरावीक आधाररेषा दिलेली असते, तिला डेटम म्हणतात. प्रत्येक जागा त्या रेषेपासून किती लांब, ते म्हणजे आर्म. वजन गुणिले आर्म म्हणजे मोमेंट. सगळे मोमेंट बेरजेला, सगळी वजनं बेरजेला, पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सीजी. यापलीकडे गणित नाही.

सेस्ना १७२ एन घेऊ. कमाल वजन २,३०० पौंड. पुढच्या सीटचा आर्म ३७ इंच, मागच्याचा ७३, इंधनाचा ४८, पहिल्या सामानाच्या कप्प्याचा ९५. रिकामं वजन उदाहरणापुरतं १,४५० पौंड आणि आर्म ३९.५ धरू. चार जण, टाकी भरलेली, ३० किलो सामान:

रिकामं विमान: १,४५० × ३९.५ = ५७,२७५
पुढे दोघे, ८० आणि ७५ किलो: ३४१ × ३७ = १२,६१७
मागे दोघे, ७५ आणि ७० किलो: ३२० × ७३ = २३,३६०
इंधन ४० गॅलन: २४० × ४८ = ११,५२०
सामान: ६६ × ९५ = ६,२७०

एकूण वजन २,४१७, एकूण मोमेंट १,११,०४२, सीजी ४५.९ इंच. मागची मर्यादा ४७.३, म्हणजे तोल ठीक. वजन मात्र ११७ पौंडांनी, ५३ किलोंनी जास्त. सीट चार आहेत आणि टाकी ४० गॅलनची आहे याचा अर्थ दोन्ही एकदम भरता येतात असा नाही, हे बहुतेक लहान विमानांना लागू आहे. इंधन २० गॅलन केलं तर वजन २,२९७ होतं. मर्यादेला टेकलेलं, पण आत. मग २० गॅलनमध्ये किती वेळ उडता येईल, राखीव वगळून, आणि ते ठिकाण तेवढ्यात येतं का, हे बघायचं. येत नसेल तर वाटेत उतरून भरायचं किंवा एकजण कमी न्यायचा.

पायरी पाचवी: माणसं हलवून बघा

आता दुसरा बेत. ५५ किलोचा पायलट एकटा पुढे, मागे ९० किलोचे दोघे, कारण दोघांना गप्पा मारायच्यात. कप्प्यात १२० पौंड सामान, इंधन २० गॅलन.

पायलट १२१ पौंड, मागचे ३९७, इंधन १२०, सामान १२०. रिकाम्या विमानासह एकूण २,२०८ पौंड. मर्यादेपेक्षा ९२ पौंड कमी, म्हणून कुणीही म्हणेल चला निघू. मोमेंट १,०७,८९३. सीजी ४८.९ इंच. मागची मर्यादा ४७.३.

दीड इंच. बोटभर लांबीचा फरक, पण एलिव्हेटरच्या हिशोबात फार मोठा.

इथे कुणालाही उतरवायची गरज नाही. मागच्या एकाला पुढे बसवा: १९८ पौंड ३६ इंच पुढे सरकले, ७,१२८ मोमेंट कमी झाला, सीजी ४५.६. तीच माणसं, तेच सामान, विमान सुरक्षित. एकूण वजन पाहून निघणारा पायलट हे कधीच पकडू शकला नसता.

कप्प्यांची स्वतःची मर्यादाही पाळा. एकूण वजनात जागा शिल्लक आहे म्हणून १२० पौंडांच्या कप्प्यात १५० टाकता येत नाहीत, तिथली फरशी आणि पट्टे त्यासाठी नाहीत. आणि स्पिनचा सराव करायचा असेल तर युटिलिटी वर्गाच्या वेगळ्या, अरुंद मर्यादा लागतात: या विमानाला कमाल २,००० पौंड, मागची सीट आणि सामानाचे कप्पे रिकामे.

पायरी सहावी: उतरतानाचाही हिशोब

इंधन जळतं तसा सीजी हलतो. बऱ्याच विमानांत फार नाही. पण बीचक्राफ्ट बोनांझाच्या व्ही आकाराच्या शेपटीच्या मॉडेलमध्ये पंखांच्या पुढच्या भागात इंधन असतं, म्हणून ते संपत जातं तसा सीजी मागे जातो. टेकऑफला मर्यादेत असलेलं विमान उतरताना बाहेर असू शकतं. त्यामुळे दोन बिंदू काढा, एक टेकऑफचा, एक टाकी जवळजवळ रिकामी धरून, आणि दोन्ही पुस्तकातल्या वजन-सीजीच्या आलेखाच्या चौकटीत पडतात का पाहा. मधली रेषाही चौकटीतच राहिली पाहिजे.

पायरी सातवी: आज, या धावपट्टीवर

२,३०० पौंड ही विमानाची मर्यादा. आजची मर्यादा त्याहून कमी असू शकते. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, दर हजार फुटांना साधारण २ अंशांनी कमी. प्रमाणापेक्षा जास्तीच्या प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट उंची वाढली असं धरा. ३,००० फुटांवरच्या धावपट्टीवर प्रमाण तापमान ९. तिथे ३५ अंश असेल तर २६ अंश जास्त, म्हणजे ३,१२० फूट. विमानाला वाटतं आपण सहा हजार फुटांवरून उडतोय. पातळ हवेत इंजिन, पंखा आणि पंख तिन्ही कमी काम करतात. पुस्तकातले तक्ते नव्या इंजिनाने, कसलेल्या चाचणी पायलटने काढलेले असतात, म्हणून त्यावर भरपूर जास्तीचं अंतर धरा. गवत आणि चढ असेल तर आणखी. अंतर पुरत नसेल तर सामान उतरवा, नाहीतर ऊन उतरेपर्यंत थांबा.

धावपट्टीच्या मध्यावर एक खूण ठरवा: तिथे टेकऑफ वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल मागे, ब्रेक. हे निघण्याआधी ठरवायचं असतं. धावताना ठरवायला कुणालाच वेळ मिळत नाही.

पायरी आठवी: बांधा, आणि कप्पा उघडून पाहा

सुटं सामान हलतं. नाक वर झालं की घसरत मागे जातं, म्हणजे नेमकं जिथे नको तिथे. जाळी आणि पट्टे ओढून बांधा, जड वस्तू शक्य तितक्या पुढे. प्रवाशांना सांगा की उड्डाणात बॅग मागे टाकायची नाही, जागा बदलायची नाही.

मी नवा असताना एकदा शीट बरोबर भरून निघालो. टेकऑफनंतर ट्रिमचं, म्हणजे कंट्रोलवरचा हाताचा जोर कमी करणारं, चाक पुढे फिरवत राहिलो तरी नाक वरच ओढत होतं, नेहमीच्या खुणेच्याही बरंच पुढे गेलो. कंट्रोल इतके हलके कधी लागले नव्हते. हळुवार वळून परत उतरलो. कप्प्याच्या तळाशी, ताडपत्रीखाली, अवजारांची पेटी आणि इंजिन ऑइलचा आख्खा खोका होता, आधीच्या उड्डाणातून राहिलेला. मी कप्पा उघडला होता, ताडपत्रीही पाहिली होती, फक्त उचलली नव्हती. तेव्हापासून मी कप्पा रिकामा करून मगच भरतो.

भरून झाल्यावर दहा पावलं मागे जाऊन विमान बाजूने पाहा. शेपूट नेहमीपेक्षा खाली दिसते का? नाकाच्या चाकाचा दांडा जास्त बाहेर आलाय का? हा हिशोबाला पर्याय नाही, पण हिशोबात सुटलेलं कधी कधी इथे दिसतं. आणि चाकं सुटल्यावर नाक आपणहून वर जाऊ लागलं तर लगेच कंट्रोल पुढे, ट्रिम पुढे. वेग राखा, तीव्र वळण घेऊ नका, उतरताना नेहमीपेक्षा थोडा जास्त वेग ठेवा.

कुणाला तरी नाही म्हणायची वेळ

सगळ्यात अवघड पायरी हीच. चौघं तयार होऊन आलेत, वर्षभराचा बेत आहे, आणि तुमच्या शीटवर ११७ पौंड जास्त दिसतायत. त्यांच्यापुढे शीट ठेवा आणि बोटाने आकडा दाखवा. "विमान इतकं उचलत नाही" असं साध्या शब्दांत सांगा. मग पर्याय द्या: दोन फेऱ्या, कमी इंधन घेऊन मध्ये थांबा, किंवा सामान रस्त्याने. बहुतेक लोक ऐकतात, कारण आकडा समोर असतो. एखादा रागावतोही. विमानाचा पायलट तुम्ही आहात, निर्णय तुमचाच, आणि कुठल्याही देशाचा नियम हेच सांगतो.

आकडे आदल्या रात्री ढोबळ काढून ठेवलेत तर हा प्रसंग विमानाजवळ येतच नाही. फोन करून सांगता येतं की प्रत्येकी सात किलोच सामान आणा, मऊ बॅगेत. सकाळी पुन्हा काटा, पुन्हा बेरीज, आणि शीटची एक प्रत सही करून जमिनीवर राहणाऱ्या माणसाच्या हातात.